शाळेची तिकिटे, फनफेअरची कुपने आणि पालकांची कुचंबणा

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा भरते आणि नाताळपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत मुलांच्या दप्तरातून एकेक कागद घरी येऊ लागतो. कधी स्मरणिकेसाठी जाहिरात मिळवून द्यावी अशी विनंती असते, कधी फनफेअरची कुपने असतात, कधी लकी ड्रॉच्या दहा तिकिटांचे पुस्तक, तर कधी क्रीडामहोत्सवासाठी ‘ऐच्छिक’ वर्गणीचे पाकीट. धाकटे मूल बालवाडीत किंवा पाळणाघरात जात असेल तर तेथूनही काहीतरी येतेच. त्याच सुमारास अनेक धर्मग्रामांचे सण जवळ आलेले असतात. त्यामुळे रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडताना चर्चच्या दाराशी आणखी एक पुस्तक हातात पडते.

या विषयावर आपल्यात उघडपणे फारसे बोलले जात नाही. शाळा आपलीच, धर्मगुरू आपलेच, सिस्टर आपल्याच. मग तक्रार कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने करावी, असा संकोच असतो. म्हणून कुरकुर होते ती रिक्षात, लोकलच्या डब्यात आणि शाळेच्या फाटकाबाहेर. ही कुरकुर नेमकी कशाबद्दल आहे, शाळांना पैसा खरोखर लागतो का, आणि देशाचा कायदा व ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय सांगते, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

तक्रार नेमकी कशाची?

पालकांशी बोलताना आम्हांला एक गोष्ट प्रथम जाणवली. रकमेविषयी बोलणारे थोडे, रीतीविषयी बोलणारे पुष्कळ. पन्नास रुपयांचे एक तिकीट कोणाला जड नसते. पण पुस्तकात तिकिटे दहा असतात, घरात मुले दोन असतात, आणि ती एकाच शाळेत असली तरी पुस्तके दोन येतात. ती विकायची कोणाला? शेजाऱ्यांची मुलेही त्याच शाळेत जातात. मग आळीमध्ये एक विचित्र देवघेव सुरू होते: तुम्ही आमची दोन घ्या, आम्ही तुमची दोन घेतो. दोन्ही घरांतून शंभर-शंभर रुपये जातात आणि विक्री झाल्याचे समाधान मात्र कोणालाच मिळत नाही.

आमच्याच घरातील एक प्रसंग येथे सांगतो. मूल तिसरीत होते. दहापैकी तीन तिकिटे खपली होती आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायचे होते. वर्गात रोज सकाळी कोणाची किती तिकिटे संपली ते विचारले जाई आणि ज्यांचे पुस्तक पूर्ण झाले त्यांच्यासाठी टाळ्या वाजत. रात्री मूल रडू लागले. अखेर उरलेली सात तिकिटे आम्हीच घेतली आणि त्यांवर काका, मावशी, आत्या अशी नातलगांची नावे लिहिली. पालघरच्या आत्याला बक्षीस लागले असते तर तिला आपण तिकीट कधी घेतले हेच कळले नसते. आज याचे हसू येते. पण त्या रात्री आम्ही मुलाला नकळत काय शिकवले, हा प्रश्न अजूनही आमची पाठ सोडत नाही. तिकिटे विकण्याचे काम संस्थेने शिक्षकांवर सोपवले, शिक्षकांनी मुलावर आणि मुलाने अश्रूंच्या बळावर आमच्यावर. या साखळीत नाही म्हणण्याची सोय कोठेच नव्हती, आणि पुस्तकावर शब्द मात्र ‘ऐच्छिक’ असाच छापलेला होता.

फनफेअरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात आनंद असतो, मुले बागडतात, जुने विद्यार्थी भेटतात. तो बंद व्हावा असे कोणीही म्हणत नाही. पण त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एका आईने सहाशे रुपयांचे साहित्य आणून रात्री जागून पॅटिस तळले. दुकानावर ते आठशे रुपयांना विकले गेले. ते आठशे शाळेच्या पेटीत गेले. मग तिच्या मुलांनी हट्ट धरला म्हणून तिने दोनशेची कुपने घेतली आणि त्यांतील काही कुपनांत, शेजारच्या बाईने तसेच रात्री जागून केलेली इडली खाल्ली. तिचे आठशे रुपये खर्च झाले, एक रात्र आणि एक दिवस गेला. तिच्याकडे सरळ पाचशे रुपये मागितले असते तर तिने ते दिले असते आणि रविवारची विश्रांतीही तिला लाभली असती. सकाळी साडेपाचची लोकल पकडणाऱ्या आईला तो रविवार किती मोलाचा असतो, हे सांगावयास नकोच.

लकी ड्रॉचा हिशेब याहून बोलका आहे. समजा, पन्नास रुपयांची एक हजार तिकिटे खपली, म्हणजे पन्नास हजार जमले. त्यातून बक्षिसांचे पंधरा हजार, छपाईचे तीन हजार, मंडप आणि ध्वनिक्षेपकाचे बारा हजार वजा केले तर वीस हजार उरतात. म्हणजे पालकाने दिलेल्या प्रत्येक पन्नासातून शाळेला वीसच मिळाले. बक्षिसे कोणी दान दिली, मंडपवाल्याने भाडे सोडले, तर चित्र पुष्कळ बदलते, हे आम्ही मान्य करतो. पण असा जमाखर्च पालकांपर्यंत क्वचितच पोहोचतो. नेमके किती जमले आणि कोठे गेले हे न कळण्याने जी नाराजी होते ती पन्नास रुपयांपेक्षा कितीतरी मोठी असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथील शाळांत मुलांच्या हाती चॉकलेटे, भेटवस्तू गुंडाळण्याचे कागद, बिस्किटांचे कणीक यांचे कॅटलॉग दिले जातात; शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागण्या नोंदवून आणायच्या असतात आणि आलेल्या पैशांतील साधारण अर्धा वाटा माल पुरवणारी कंपनीच घेते. याला कंटाळून तेथील काही पालक संघांनी विक्री बंद केली आणि वर्षारंभी एकच पत्र पाठवण्याची प्रथा पाडली: काही विकू नका, काही तळू नका, जमेल तेवढी रक्कम द्या. ही कल्पना साधी आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

शाळेची अडचण

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आपल्या बहुसंख्य पालकांचा असा समज असतो की अनुदानित शाळेचा सारा खर्च सरकार करते. तसे नाही. शासन मान्य पदांवरील शिक्षक व कर्मचाऱ्यांचे वेतन देते. इमारत, तिची डागडुजी, वीज, पाणी, स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा, संगणक, रखवालदार यांसाठी वेतनेतर अनुदान नावाची एक तरतूद आहे. पण ती तुटपुंजी असते, वेळेवर येत नाही आणि मध्यंतरी काही वर्षे तर ती बंदच होती. दुसरीकडे अनुदानित शाळेला मनाजोगते शुल्क आकारता येत नाही. विद्यार्थिसंख्या घटली की शिक्षकांची मान्य पदे कमी होतात. मग कला, संगीत, क्रीडा यांसाठी नेमलेल्या शिक्षकांचे मानधन संस्थेलाच द्यावे लागते. आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांना हा फटका अधिक बसला आहे, कारण त्यांतील पालकांची ऐपतही बेताची आणि पटही रोडावलेला.

छपराची कौले बदलायची असतील, मुलींसाठी नवे स्वच्छतागृह बांधायचे असेल, तर मुख्याध्यापिका सिस्टरपुढे पर्याय कोणते? संस्थेकडे हात पसरणे, माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिणे, आणि फनफेअर. तेव्हा गरज खरी आहे. आमचे मत असे की गरज सांगण्यात शाळा कमी पडतात आणि तिकिटे वाटण्यात मात्र पुढे असतात. ‘मुलींच्या स्वच्छतागृहासाठी चार लाख हवेत, त्यातील दीड लाख जमले आहेत’ असे फलकावर लिहून पाहा. लोक स्वतःहून विचारणा करतील.

पाळणाघरे आणि बालवाड्या यांची गोष्ट आणखी बिकट आहे. त्यांना बहुधा अनुदान नसते. शुल्क वाढवले तर घरकाम करणाऱ्या बायांना मूल तेथे ठेवणे परवडत नाही. तेथे वर्षाकाठी एखादी वर्गणी मागितली गेली तर पालकांनी थोडे सबुरीने घ्यावे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे. ठरवून दिलेल्या किंवा मान्य केलेल्या शुल्काहून अधिक रक्कम, मग ती कोणत्याही नावाने घेतलेली असो, रोख असो वा वस्तुरूप, त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. राजीखुशीने दिलेली देणगी निराळी. फरक नावात नसून सक्तीत आहे. प्रवेश, निकालपत्र, परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून घेतलेली रक्कम देणगी ठरत नाही.

शुल्काच्या नियमनासाठी २०११ चा स्वतंत्र कायदा आहे. तो प्रत्यक्षात लागू झाला २०१४ मध्ये. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. लकी ड्रॉ येथेही आहेच. पण या सोडतीत नाव निघाले तर बैठकींना जाऊन बसावे लागते, आणि आपले पुष्कळ पालक तेथे जात नाहीत. ज्यांनी वर्षभर एकाही बैठकीला हजेरी लावली नाही त्यांनी डिसेंबरमध्ये फाटकाबाहेर संताप व्यक्त करावा, हे आम्हांला पूर्णपणे पटत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा केंद्रीय कायदाही कॅपिटेशन फीला मनाई करतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आपल्या शाळांनी येथे एक लक्षात घ्यावे. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे तो समाजाच्या शिक्षणासाठी. कॅपिटेशन फीवर राज्याने घातलेल्या बंदीतून त्यामुळे सूट मिळते असे कोणी समजू नये.

सोडतीविषयी एक सावधगिरीचा शब्द. शासनाच्या परवानगीवाचून लॉटरी चालवणे हा भारतीय दंडविधानान्वये गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात लॉटऱ्यांवरील नियंत्रणासाठी १९५८ चा कायदाही आहे. शाळेचा किंवा धर्मग्रामाचा लकी ड्रॉ म्हणजे घरगुती गंमत असे समजून तिकिटे छापू नयेत. आधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

देणगी दिली की पावती घ्यावी. नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब ठेवावा लागतो व तो तपासून घ्यावा लागतो, आणि पावतीविना आलेला पैसा त्या हिशेबात कोठे बसतो हे कोणालाच सांगता येत नाही. आयकरातील सवलत मिळण्यासाठी संस्थेला तशी मान्यता असावी लागते आणि देणाऱ्याने जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते. शिवाय २०१७ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. लॉटरीच्या तिकिटाला तर ती नाहीच.

ख्रिस्तसभेची रीत

आपल्या शाळांना देशाच्या कायद्याखेरीज आणखी एक कायदा लागू आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेमध्ये, या विषयावर अनेक कलमे आहेत आणि ती आपल्या लोकांना ठाऊक असावीत. कॅथलिक शाळा उभारण्यास व टिकवण्यास श्रद्धावंतांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे साहाय्य करावे, असे ८०० वे कलम सांगते. तेव्हा ‘शाळेशी आमचा काय संबंध’ असे आपल्याला म्हणता येत नाही. पण ही एक बाजू झाली. एखाद्या विशिष्ट हेतूसाठी लोकांनी दिलेले अर्पण त्याच हेतूसाठी वापरावे, असे १२६७ वे कलम बजावते. संगणकासाठी जमवलेला पैसा कुंपणभिंतीला वापरला तर भिंत कितीही गरजेची असली तरी ते चुकीचेच. १२८७ वे कलम तर सरळच आहे: लोकांनी जे दिले त्याचा हिशेब कारभाऱ्यांनी लोकांपुढे मांडला पाहिजे. आणि १२६५ व्या कलमानुसार कोणाही खाजगी व्यक्तीला किंवा मंडळाला धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. चर्चच्या दाराशी पुस्तक घेऊन उभे राहणाऱ्या उत्साही मंडळींनी हे कलम जरूर वाचावे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात पालकांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. जे शिक्षक आहेत त्यांना केवळ तिकिटांचे गिऱ्हाईक समजणे त्या भूमिकेशी जुळत नाही.

पण आम्हांला सर्वांत अधिक शिकवण मिळते ती संत पौलाकडून. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी त्याने निधी गोळा केला, त्याची हकीकत करिंथकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत आहे. पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे तो आल्यावर घाईघाईने वर्गणी गोळा करायला नको. रक्कम घेऊन जाण्यासाठी माणसेही करिंथकरांनीच पसंत करावीत असे तो म्हणतो. दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आणखी दोन गोष्टी येतात. ज्याच्यापाशी जे आहे त्यावरून त्याचे दान मोजावे, नसलेल्यावरून नव्हे. आणि देणाऱ्याने कुरकुरत वा दडपणाखाली देऊ नये. एवढ्या मोठ्या निधीच्या बाबतीत कोणाला बोट दाखवण्यास जागा राहू नये म्हणून तो दुसऱ्यांना सोबत घेतो. ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेतली नसती, त्या प्रेषिताने स्वतःहून घेतलेली ही दक्षता आहे.

मंदिरातील दानपेटीजवळ दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण निधीसंकलनाच्या प्रत्येक सभेत ऐकतो. प्रभूने तिची थोरवी सांगितली हे खरेच. परंतु मार्कच्या शुभवर्तमानात त्या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभूने दिलेला इशाराही आहे. सभेत तो भाग सहसा वाचला जात नाही.

वाट कोणती?

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालवताना मुष्टिफंड उभारला: घरातील बाईने रोज दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहाला द्यावे. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन मंडळींतील स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ घेताना मूठभर तांदूळ वेगळे ठेवत आल्या आहेत आणि त्यातून मोठमोठी कामे उभी राहिली आहेत. दोन्हीकडे बक्षीस नाही, मंडप नाही, छपाईचा खर्च नाही. द्यायचे ते थोडे, नियमाने आणि घरच्या चुलीपाशी. मूल मध्ये येत नाही.

आपल्या शाळांनी जूनमध्येच वर्षाची गरज सांगणारे एक पत्र पालकांना द्यावे. पाकीट बंद असावे, ते मुलाने वर्गात न देता कार्यालयात किंवा बँकेत जमा व्हावे, आणि कोणी दिले व कोणी दिले नाही हे वर्गशिक्षकांना कळूच नये. कुटुंबात मुले कितीही असली तरी पत्र एकच. ज्याला पैसे देणे जमत नाही त्याला श्रम देता येतात. आपल्या गावांत गवंडी, वीजतंत्री, नळकारागीर, रंगारी यांची वाण नाही; मे महिन्यातील दोन रविवार त्यांनी शाळेला दिले तर रंगकामाची मजुरी वाचते. फनफेअर ठेवावा, पण गंमत म्हणून, आणि त्याचा जमाखर्च पंधरा दिवसांच्या आत सूचनाफलकावर लावावा. सर्वाधिक तिकिटे विकणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची प्रथा मात्र आजच बंद करावी. तो बहुधा सर्वाधिक पगार असलेल्या बापाचा मुलगा असतो, हे वर्गातील प्रत्येक मुलाला कळते.

आपल्या शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मीय आहेत, हेही विसरता कामा नये. त्यांच्या पालकांच्या मनात मिशनरी शाळेविषयी शिस्तीचा आणि सचोटीचा आदर असतो. धर्मग्रामाच्या सणाची तिकिटे त्यांच्या मुलांच्या दप्तरात घालणे त्या आदराला शोभणारे नाही.

पालकांनी तक्रार असेल तर ती आधी वर्गशिक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे, आणि गरज पडल्यास पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मांडावी. मोबाइलवरील पालकांच्या गटात रात्री अकरा वाजता लिहिलेल्या संदेशाने कोणाचेच भले होत नाही. शिक्षिकाही तो वाचतात आणि बहुधा त्यांच्याही घरी तसेच एक पुस्तक पडून असते. तिकिटे खपली नाहीत तर ती शेवटच्या तारखेआधी, पुस्तकात राहणाऱ्या भागासह, कार्यालयात परत करावीत आणि पोच घ्यावी. कार्यालयानेही ते क्रमांक रद्द करून तशी नोंद ठेवावी, नाहीतर सोडतीच्या दिवशी कोणीही न घेतलेला क्रमांक निघतो आणि व्यासपीठावर कुजबुज सुरू होते.